ताप उतरला तो काढ्यानं?

पत्र थोडक्यात असं : धायरीला राहणाऱ्या, ३६ वर्षांच्या एका वाचक ताई. नवरा-बायको दोघंही हिंजवडीला नोकरीला, घरी नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गेल्या गणपतीच्या सुमारास नवऱ्याला डेंगी झाला. सासूबाई भोर तालुक्यातल्या, झाडपाल्याची जाण असलेल्या. त्यांनी दिवसातून दोनदा पपईच्या पानांचा रस आणि सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केला. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना यातलं काही सांगितलं नाही. ‘पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण सहाव्या दिवशी पोटात दुखायला लागलं, पेशी (प्लेटलेट) ६४,०००वर आल्या, दोन दिवस ॲडमिट करावं लागलं.’ नवव्या दिवशी पेशी १,४०,००० झाल्या. सासूबाई म्हणतात, पोरगा रसानं वाचला. ताई म्हणतात, सलाईननं. आता मुलीला दोन दिवस ताप आला तेव्हा सासूबाईंनी पुन्हा काढा ठेवला आणि ताईंनी तो बेसिनमध्ये ओतून दिला. मुलीचा ताप साधा निघाला. दोघींचा अबोला मात्र अजून सुरू आहे. ताई विचारतात : डेंगीत असे उपाय चालतात की घातक असतात? डॉक्टरांपासून लपवलं ते चुकलं का? ‘पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान तू मोरीत ओतलंस’ हा सासूबाईंचा आरोप खरा आहे का? आणि मधुमेह असलेल्या सासूबाईंनाच डेंगी झाला तर काय करायचं?

ताई,

काढा, रस, अबोला यांवर तुम्ही पानभर लिहिलंय. माझी नजर मात्र तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीवर अडकली : ‘पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्हाला वाटलं, सुटलो.’ तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ या ओळीत आहे आणि त्या आठवड्यातला खरा धोकाही तिथेच होता.

डेंगीचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो आणि आपला आपण उतरतो. या विषाणूला थेट मारणारं औषध आज नेहमीच्या वापरात कुणाकडेच नाही, ॲलोपॅथीकडेही नाही. त्यामुळे चौथ्या दिवशी ज्यानं पपईचा रस घेतला त्याला पाचव्या-सहाव्या दिवशी गुण येतो, आणि ज्यानं नुसता अंगारा लावला त्यालाही येतो. पेशींचंही तसंच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या घसरायला लागतात, ताप उतरण्याच्या आसपास तळाला जातात आणि आठवडा उलटल्यावर बहुतेकांच्या आपोआप चढतात. तुमच्या यजमानांचे आकडे या ठरलेल्या वाटेनंच गेलेत. सासूबाईंनी त्याचं श्रेय रसाला दिलं आणि तुम्ही सलाईनला. पण सलाईननंही पेशी वाढत नाहीत, ताई. तेव्हा या एका मुद्द्यावर तुम्ही दोघी सारख्याच चुकलात. हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलंत तरी चालेल.

मग सलाईन कशासाठी दिलं? डेंगीत ज्यांची तब्येत बिघडते, त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती काही काळ सैल पडतात आणि रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर, पोटात आणि छातीत झिरपायला लागतं. रक्त दाट होतं, रक्तदाब पडतो, हातपाय गार पडतात. हे झिरपणं सुरू होतं ते नेमकं ताप उतरायच्या वेळी, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, आणि एक ते दोन दिवस चालतं. म्हणजे ज्या सकाळी घरातले म्हणतात ‘आज अंग गार लागतंय, काढा लागू पडला’, त्याच सकाळपासून पुढचे ४८ तास डोळ्यात तेल घालून बघायचे असतात. तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते पत्रात नाही. पण ‘सुटलो’ वाटल्यावर माणूस काय करतो हे आपल्याला माहीत आहे. पाणी पाजायचं विसरतो, रात्री गाढ झोपतो, दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडतो.

तेव्हा माझ्या मते तुमचा प्रश्न ‘काढा द्यावा की नाही’ असा नसून ‘काढा दिल्यावर आपण बेसावध होतो का’ असा आहे. काढ्यातली पानं क्वचितच घात करतात. काढ्यानं येणारा निर्धास्तपणा जास्त वेळा करतो.

ताप उतरला तरी (आणि चढलेला असतानाही) पुढचं काही दिसलं तर दवाखान्यात फोन करत बसू नका, रुग्णाला घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. पोटात सतत दुखणं किंवा पोट दाबल्यावर कळ येणं. उलट्या थांबत नाहीत, पाणी टिकत नाही. हिरड्यांतून, नाकातून रक्त; काळी शी; बाईमाणसाला नेहमीपेक्षा फार जास्त अंगावरून जाणं. उठून उभं राहिल्यावर घेरी. सहा तासांत लघवी नाही. धाप. आणि एक लक्षण जे घरच्यांनाच आधी कळतं : माणूस गळून जातो, बोलावलं तर नीट ओ देत नाही, किंवा उलट उगाच तळमळतो, चिडचिड करतो. मूल असेल तर ते नेहमीसारखं रडत नाही, नुसतं पडून राहतं. यजमानांचं सहाव्या दिवशीचं पोटात दुखणं यातलंच पहिलं लक्षण होतं. तुम्ही त्यांना वेळेत नेलंत हे त्या सगळ्या गोंधळात सर्वात योग्य झालं, आणि त्याचं श्रेय दोघींपैकी कुणीच घेत नाहीये.

आता पेशी. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पुण्यात प्लेटलेटचा आकडा दहावीच्या टक्क्यांसारखा विचारला जातो. ‘तुमच्या किती? आमच्या बावन्न.’ ८०,०००ला नातेवाईक रडायला लागतात, ५०,०००ला सोसायटीच्या ग्रुपवर रक्तदात्याचा निरोप फिरतो. खरं तर रक्तस्राव नसेल तर पेशी साधारण १०,०००च्या खाली जाईपर्यंत बाहेरून चढवायची गरज सहसा पडत नाही. उगाच चढवल्या तर त्या टिकत नाहीत आणि त्रास मात्र होऊ शकतो. यंत्र कधी कधी पेशींचे पुंजके झाल्यामुळे आकडा कमीही दाखवतं, म्हणून पॅथॉलॉजिस्टला स्लाइड बघायला सांगतात. त्याच सीबीसीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या, कागदावर दोन-चार ओळी वर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती, ते लिहिलेलं असतं. तो आकडा चढतोय आणि प्लेटलेट उतरतायत, तर रक्त दाट होतंय. डॉक्टरांचं लक्ष तिकडे असतं. पुढच्या वेळी तुम्हीही आधी ती ओळ बघा.

म्हणून पपईच्या पानांबद्दल मी एवढंच म्हणेन : पेशी हा या आजाराचा गाभा नसताना पेशी वाढवण्याचं औषध शोधणं हीच मुळात चुकीच्या दाराची कडी वाजवणं आहे. मात्र ‘सगळं थोतांड’ असंही मी म्हणणार नाही. मलेशियात २२८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पानांचा रस घेतलेल्यांच्या पेशी थोड्या लवकर चढल्या. भारतातही लहानमोठे अभ्यास झाले, गोळ्या-सिरप निघाले आणि काही डॉक्टर स्वतःच ते लिहून देतात. पण रक्तातलं पाणी झिरपणं त्यानं थांबतं किंवा त्यानं जीव वाचतात, असं कुठल्याही भक्कम अभ्यासात दिसलेलं नाही. आणि घरी मिक्सरमधून काढलेल्या रसात किती पानं, कोवळी की जून, किती पाणी, याचा काहीच हिशोब नसतो. तो जहाल कडू असतो, पोट ढवळतं. डेंगीत आधीच मळमळ असलेल्या माणसानं वाटीभर रस पिऊन तासाभरात दोन पेले पाणी उलटून टाकलं, तर कमाई काय झाली?

सासूबाईंच्या आरोपाचं उत्तरही इथेच देते. पपई मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. डेंगीत पेशींसाठी तिचा पाला पिण्याची लाट तर आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या दहा-पंधरा वर्षांत, मोबाइलवरच्या निरोपांतून आली आहे. भोरच्या त्यांच्या आजीनं तापात पोरांना काय दिलं असेल? भाताची पेज. मुगाचं कढण. सुंठ घालून उकळलेलं पाणी. कपाळावर ओल्या फडक्याची घडी. आणि ‘पडून राहा’ हा दम. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान म्हणतात ते हे, आणि डेंगीत ते सगळंच्या सगळं उपयोगी आहे. तुम्ही मोरीत ओतलं त्यात गुळवेल होती, ती मात्र खरोखर जुनी. तिचं वेगळं बोलू.

गुळवेल ज्वरावर शतकानुशतकं वापरली गेली आहे, कडुनिंबावर चढलेली उत्तम असं जाणकार मानतात, आणि आयुर्वेदात तिला मान आहे. करोनाच्या लाटेत ती घरोघर रोज प्यायली गेली. त्यानंतर २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला : खोडावर गाठी असलेली त्याच कुळातली दुसरी वेल गुळवेल समजून वापरली गेली असावी, खरी गुळवेल सुरक्षित आहे. या वादात मी पडत नाही, कारण डेंगीपुरतं उत्तर दोन्ही बाजूंनी तेच निघतं. डेंगी स्वतःच यकृताला सूज आणतो, तपासणीत एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताचे आकडे वाढलेले दिसतात. तापासाठी पॅरासिटामॉल चालू असतं, तेही यकृतातूनच जातं. अशा आठवड्यात यकृतावर तिसरं ओझं कशाला? आणि बाजारातून आणलेली किंवा सोसायटीच्या कुंपणावरून तोडलेली वेल नेमकी कोणती, हे सासूबाईंना कळत असेलही. तुम्हाला कळतं का? मला तरी छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मसाल्याचे कडक काढे, म्हणजे मिरी, पिंपळी, दालचिनी, लवंग घालून आटवलेले, मी डेंगीत देऊ देत नाही. पोटाचं आतलं अस्तर आधीच नाजूक झालेलं असतं. काढ्यात ज्येष्ठमध मुठीनं घातलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. आलं, लसूण, हळद स्वयंपाकात असतात तेवढी चालतील. अर्क, कॅप्सूल, ‘इम्युनिटी शॉट’ नकोत, कारण मोठ्या मात्रेत ही द्रव्यं प्लेटलेटच्या कामात लुडबूड करू शकतात. लेबल नसलेल्या पुड्यांना घरात जागा देऊ नका. त्यांत कधी स्टेरॉइड तर कधी वेदनाशामक मिसळलेलं सापडलं आहे. आणि कुणी शेळीचं कच्चं दूध आणून देत असेल तर ते उकळा, नाहीतर डेंगी बरा होऊन दुसराच ताप मागे लागायचा.

एवढी सगळी झाडपाल्याची चर्चा करताना तुमच्या औषधांच्या ड्रॉवरकडे दुर्लक्ष नको. डेंगीत काढ्यापेक्षा जास्त नुकसान करते ती तिथली अंगदुखीची पट्टी : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन. पावसाळ्यात आलेला कुठलाही ताप डेंगी नाही हे ठरेपर्यंत यातलं काही नको, कमरेतलं इंजेक्शनही नको. फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, दोन डोसांत किमान सहा तास ठेवून. त्यानं ताप पूर्ण उतरला नाही तर मध्ये अंग कोमट पाण्यानं पुसा. चिकुनगुनियात सांधे इतके धरतात की लोक हमखास वेदनाशामकाकडे वळतात. पण पहिल्या दिवसांत दोन्ही आजार सारखेच दिसतात, म्हणून तिथेही हाच नियम. तेल लावून रगडणं तर तापात अजिबात नको, त्वचेखाली रक्त साकळतं.

मग झाडपाल्याला, स्वयंपाकघराला काहीच जागा नाही? भरपूर आहे, आणि तीच मला सासूबाईंच्या हाती द्यायची आहे. डेंगीचा घरचा उपचार म्हणजे मुख्यतः पाजणं. मोठ्या माणसाला दिवसाला अडीच-तीन लिटर पातळ पदार्थ लागतात (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच). त्यातही नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठ आणि साखर पोटात जायला हवी. मीठ घातलेली पेज, कढण, ताक, नाचणीची आंबील, लिंबू सरबत, शहाळं, आणि जलसंजीवनी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बीट, डाळिंब असलं लालभडक काही मी त्या आठवड्यात टाळते; उलटी झाली तर ते रक्त की रस हा प्रश्न रात्री दोन वाजता नको असतो. किवी आणि ड्रॅगनफ्रूट परवडत असेल तर खा, त्यात औषध शोधू नका.

गवती चहा, तुळशीची चार पानं, सुंठेचा चिमूटभर वास असलेलं पाणी खुशाल द्या. आयुर्वेदात तापातल्या तहानेसाठी षडंगोदक सांगितलं आहे. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ अशा द्रव्यांचं ते हलकं पाणी असतं. औषध म्हणून घटाघट प्यायचा काढा तो नव्हे, दिवसभर घोट घोट घ्यायचं पाणी आहे. मला तर त्यात फार शहाणपण दिसतं. कडूजहर रस एकदा घशाखाली ढकलण्यापेक्षा, रुग्णाला जे आवडेल आणि टिकेल ते दर अर्ध्या तासानं चार घोट. तुळस असो की नसो, घोट महत्त्वाचा. फक्त आयुर्वेदातलं लंघन ‘पोट हलकं ठेवा’ या अर्थानं घ्या. डेंगीत निर्जळी उपास कुणाच्या सांगण्यावरूनही करू नका.

आयुर्वेदावर तुमच्या घराचा विश्वास असेल तर तो काष्ठौषधींच्या दुकानदारावर आणि फिरत्या निरोपांवर न ठेवता शिकलेल्या वैद्यावर ठेवा. पुण्यात त्यांची वाण नाही. चांगला वैद्य आधी रिपोर्ट मागतो, आणि पोट दुखतंय म्हटल्यावर स्वतःच हॉस्पिटलमध्ये पाठवतो. हीच त्याची परीक्षा. ‘पाचशे रुपयांचा कोर्स, रक्त तपासायची गरज नाही’ म्हणणारा कुठल्याही पॅथीचा असो, तिथून निघा.

तपासणीचंही सांगून टाकते. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचाच अंश शोधणारी), त्यानंतर आयजीएम (शरीरानं त्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी), आणि शक्यतो एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं. पट्टीवरची झटपट चाचणी पक्की धरत नाहीत. (देशभरच्या सरकारी केंद्रांत डेंगीच्या आयजीएम तपासणीसाठी जे किट जातं ते आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तयार होतं. शेजारच्या गोष्टीचा आपल्याला पत्ता नसतो!) घरात कुणी गरोदर असेल तर ताप आल्या दिवशीच डॉक्टरांकडे जा. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवण्यापासून सुरू झालेला झिका, याच डासातून पसरणारा आणि पोटातल्या बाळाला घातक ठरू शकणारा विषाणू, विसरू नका. आणि गरोदरपणात पपईचा पाला, काढे काहीही नको.

डॉक्टरांपासून लपवलंत ते चुकलं, हो. पण का लपवलंत हेही मला कळतं. आमच्या व्यवसायातले काही जण ‘काढा’ शब्द ऐकताच असे खेकसतात की पेशंट पुढे काही सांगणंच बंद करतो. तोटा पेशंटचाच होतो. समजा यजमानांचे एसजीओटी-एसजीपीटी खूप वाढले असते, तर डॉक्टरांनी ते डेंगीच्या खात्यावर टाकून पुढचं ठरवलं असतं. उलट्या रसामुळे की आजारामुळे हेही त्यांना कळायला हवं, कारण आजारामुळे असतील तर ते धोक्याचं लक्षण आहे. पुढच्या वेळी परवानगी मागण्याच्या सुरात बोलू नका, माहिती द्या : ‘काल सकाळपासून गुळवेलीचा काढा अर्धी वाटी आणि पपईचा रस दोन चमचे दिलाय. थांबवू का?’ बाटली किंवा पुडी सोबत न्या. डॉक्टर तरीही ओरडले तर ओरडू देत, केसपेपरवर नोंद झाली की तुमचं काम झालं. दरवेळी ओरडत असतील, तर डॉक्टर बदलायला काही हरकत नाही.

मुलीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे. मुलांना तापात काढा आणि पाल्याचा रस नकोच. त्यांचं वजन कमी, उलटी चटकन होते आणि पाणी लवकर आटतं. नाक दाबून पाजलेलं तर मुळीच नको, ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही शेवटी, एका ओळीत विचारलात. खरं तर तो सगळ्यात वर हवा होता, कारण तुमच्या घरात डेंगीचा सर्वात मोठा धोका त्यांना आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू, जेवण बंद, आणि वर गुळवेल, जी स्वतः साखर उतरवू शकते. साखर एकदम खाली जाईल. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं हे सगळं ‘तापाची ग्लानी’ म्हणून सोडून दिलं जाईल. त्यांना ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं की कोणती गोळी चालू, कोणती बंद, दिवसातून कितीदा साखर बघायची. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही विचारा, मनानं बंद करू नका. आणि या वयात सरळ ‘ॲडमिट करावं का’ हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विचारलेला बरा.

यजमानांनाही सांगून ठेवा की ‘मला होऊन गेलाय’ हे संरक्षण अर्धवट आहे. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला की त्याच प्रकारापासून सुटका होते. दुसरा प्रकार झाला तर तो पहिल्यापेक्षा जड जाण्याची शक्यता वाढते.

आणि आता बेसिन. काढा मुलीला द्यायचा नाही हा तुमचा निर्णय बरोबर होता. त्यांच्या डोळ्यांसमोर तो ओतणं बरोबर नव्हतं. भांडं बाजूला ठेवून ‘आई, डॉक्टरांना विचारू आणि मग देऊ’ एवढं पुरलं असतं. तापल्या पोरीच्या उशाशी बसलेल्या बाईला दर वेळी काहीतरी करायला हवं असतं. रिकामे हात बसणं सगळ्यात कठीण. शिवाय एक हिशोब तुम्ही मांडलेला नाही. तुम्ही दोघं सकाळी आठला निघता, हिंजवडीच्या रस्त्यावरून रात्री कधी परत येता ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्या वेळात आजाऱ्याजवळ कोण असतं? पोट दुखतंय, लघवी झाली नाही, पोर ओ देत नाही, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार? सासूबाईंच्या. त्यांना तुम्ही काढ्यावरून हरवलंत आणि त्या ‘आता मी काही बोलणारच नाही’ म्हणून बसल्या, तर घरातला सर्वात जागरूक माणूस तुम्ही गमावला.

म्हणून वर सांगितलेली लक्षणं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. खाली तीन रकाने आखा : काय आणि किती प्यायलं, लघवी कधी झाली, ताप किती. कोपऱ्यात हॉस्पिटलचा नंबर आणि घरी गाडी घेऊन येऊ शकेल अशा शेजाऱ्याचा नंबर. हा कागद सासूबाईंनी सांभाळायचा, आणि ‘न्यायला हवं’ असं त्या म्हणाल्या की तुमची मीटिंग असो नसो, न्यायचं. हे आजच, घरात ताप नसताना ठरवा.

डासांचं काम मात्र यजमानांना द्या, त्यांना या भांडणात गंमत बघण्यापलीकडे काही काम दिसत नाही. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. तुमच्याकडे टँकरचं पाणी पिंपात भरून ठेवत असाल, तर आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात आणि महिन्यांनंतरही पाणी मिळालं की फुटतात. फ्रिजमागचा ट्रे, कूलर, मनीप्लँटची बाटली, आणि गॅलरीत गुळवेल लावली असेल तर तिच्या कुंडीखालची ताटली. संध्याकाळचा कडुनिंबाचा धूर प्रसन्न वाटत असेल तर करा (घरात दम्याचा कुणी असेल तर नको), पण या डासाचा मुख्य वेळ सकाळचा आणि दिवस मावळण्याआधीचा असतो. रुग्णाला पहिल्या आठवड्यात दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना चावतो.

अबोला मोडायला निमित्त हवं असेल तर सासूबाईंची तीन महिन्यांची साखर तपासायची वेळ आली असेलच. या शनिवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गुळवेलीचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या, त्यांच्या शब्दांत. तुम्ही शेजारी गप्प बसा. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवलंत तर बरं वाटेल.